भिवंडीतला उलटा गरुड

भिवंडीला हवापालटासाठी कोणी जात नाही. लोक माल उचलायला जातात, माल टाकायला जातात, नाहीतर नाशिकला जाताना तिथल्या वाहतुकीत अडकतात. मी मात्र मुद्दाम गेलो आणि तीन दिवस राहून आलो. सांदणं खाल्ली, एका लूमला चिकटलो, आणि ऐंशीच्या घरातल्या एका बाईचा आपल्या दिवंगत नवऱ्यावरचा साठ वर्षांचा विश्वास पाच मिनिटांत उडवून दिला. हे शेवटचं काम बेतात नव्हतं, पण तीन दिवसांत माझ्या हातून सर्वांत सफाईने झालं ते तेच.

आधी माझी लायकी सांगतो. मी कराडचा. हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं, निवृत्त झालो आणि जुनी नाणी जमवायला लागलो. माझ्याकडे आहेत ते बहुतेक राणीच्या आणि राजाच्या छापाचे रुपये, आणि थोड्या शिवराया. आमच्या गावातल्या नाणे मंडळाचे सहा सभासद आहेत, त्यांतले दोघे चहापुरते येतात. या मंडळापुढे मी गेल्या वर्षी ‘जुने अमेरिकन चांदीचे डॉलर: ओळख आणि किंमत’ या विषयावर दीड तास बोललो. कुठल्या सालचा डॉलर दुर्मिळ, मागच्या बाजूला गरुडाखालच्या माळेच्या खाली बारीक अक्षर असलं तर तो कुठल्या टांकसाळीचा, त्या एका अक्षराने किंमत कशी कुठल्या कुठे जाते, घासून चकचकीत केलेला डॉलर जाणकार का हातात धरत नाहीत, सगळं सांगितलं. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. तोपर्यंत मी अमेरिकन डॉलर हातात घेतलेला नव्हता. माझं सगळं ज्ञान पुस्तकांतल्या आणि फोनवरच्या फोटोंतून आलेलं. कोणी विचारलं नाही, म्हणून मीही विषय काढला नाही.

त्या भाषणाचा व्हिडिओ मंडळातल्या कोणीतरी फिरवला आणि तो भिवंडीच्या नजीरभाईंपर्यंत पोचला. त्यांचा फोन आला. “सर, आमच्या अम्मांकडे असा एक सिक्का आहे. आमचे अब्बा जहाजावर होते, त्यांनी अमेरिकेतून आणलेला. तुम्ही एकदा नजर टाका.” असं आर्जवाने बोलावणारा माणूस मला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच भेटत होता. मी दुसऱ्याच दिवशी रिझर्वेशन केलं.

बायको म्हणाली, “जाताच आहात तर येताना दोन डबलच्या चादरी आणा. भिवंडीत कापड स्वस्त असतं.”

मानकोली

माझा भाचा प्रशांत मानकोलीला राहतो आणि एका गोदामात सुपरवायझर आहे. उतरलो त्याच्याकडेच. आमच्याकडे गावात शिरताना आधी ऊस लागतो, मग देऊळ. इथे आधी गोदामं लागतात आणि गाव त्यांच्या मागे जाऊन शोधावं लागतं. एकेक गोदाम एवढं की आमची अख्खी शाळा, मैदान आणि मुख्याध्यापकांची स्कूटर धरून, एका कोपऱ्यात मावेल. आपण फोनवर बोट टेकवून जे जे मागवतो ते म्हणे इथे येऊन मुक्काम करतं. मी गेल्या महिन्यात मागवलेलं आणि अजून न आलेलं भिंग इथेच कुठेतरी असणार, असं मला फार वाटून गेलं. मी प्रशांतला तसं विचारलंही.

“मामा,” तो म्हणाला, “इथे येणारा प्रत्येक पाहुणा हेच विचारतो.”

संध्याकाळी त्याला मी माझी हत्यारं दाखवली. छोटा वजनकाटा, जुनं भिंग, मोजपट्टी आणि जुन्या लाऊडस्पीकरमधून काढलेलं एक दणकट लोहचुंबक. चांदी चुंबकाला चिकटत नाही, बनावट नाणं बऱ्याचदा चिकटतं. चुंबक मी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. प्रवासात त्याने माझं एटीएम कार्ड निकामी केलं, हे त्याच संध्याकाळी कळलं. तीस वर्षं मी मुलांना चुंबकीय क्षेत्र शिकवत होतो.

भिवंडी, पहिली भेट

नजीरभाई पन्नाशी उलटलेले, पांढरी दाढी, आणि बोलताना दोन वाक्यं मराठीत, तिसरं हिंदीत. घराण्याने मूळचे कोकणी मुसलमान. भातशेती, जहाजावरच्या नोकऱ्या आणि नंतर कापड, असा त्यांच्या घराचा प्रवास. खाली बारा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आणि वर घर. खाली शिरल्यावर पहिली दहा मिनिटं मला काहीच ऐकू आलं नाही आणि नंतर खटखटीखेरीज काही ऐकू येईना. कामगार सगळे उत्तरेकडचे, ते एकमेकांशी ओठ हलवून आणि बोटं नाचवून बोलत होते. हे मला वर्गात जमलं असतं तर माझा घसा वाचला असता.

कापड कसं विणतात ते बघायला मी एका लूमजवळ जरा वाकलो आणि जाकिटासकट त्याच्या लोखंडी चौकटीला जाऊन चिकटलो. चुंबक. जॉबर, म्हणजे लूमची दुरुस्ती बघणारा माणूस, धावत आला आणि लूम बंद करून त्याने मला खरवडून काढलं. “मास्टरजी, कपडा बुनना है क्या?” त्याने विचारलं. त्या वेळी मला तो अपमान वाटला. नंतरचा हिशेब पाहता तो दिवसातला सर्वांत सौम्य प्रश्न होता. चादरींचंही मी तिथेच विचारून घेतलं. तिथे विणलं जातं ते न धुतलेलं, न रंगवलेलं कोरं कापड, आणि ते गाठींनी विकतात. दोन चादरींसाठी एक गाठ घेण्याची माझी तयारी नव्हती.

वर गेलो. आमच्याकडे पाहुण्याला ‘चहा घेणार का’ असं विचारतात, आणि तो ‘नको, आत्ताच झाला’ म्हणतो, मग अर्ध्या कपावर तडजोड होते. इथे विचारतच नाहीत. सतरंजीवर कापड अंथरलं, आणि तांदळाची मऊ सांदणं, नारळाचं दूध, कोळंबीचं कालवण आणि काहीतरी गोड असं सगळं एकदम पुढ्यात आलं. मी सहा सांदणं खाल्ली. सहा मी मोजली, पुढची मोजायचं सोडून दिलं.

नजीरभाईंच्या अम्मा, हाजराबी, समोर दिवाणावर बसून माझं खाणं बघत होत्या. लहानशा चणीच्या, डोक्यावर पांढरी ओढणी, आणि नजर अशी की मुख्याध्यापक होऊन मी जी कमवायचा प्रयत्न केला असता ती त्यांना आयती मिळालेली. हात धुतल्यावर त्यांनी एक स्टीलचा डबा उघडला. त्यात घराची कागदपत्रं, एक नळी, म्हणजे जहाजावरच्या नोकरीचे गुंडाळलेले दाखले, आणि रुमालात बांधलेला डॉलर.

“माजा मेहर हाय हा,” त्या म्हणाल्या.

मेहर म्हणजे निकाहच्या वेळी नवऱ्याने बायकोला द्यायची वस्तू किंवा रक्कम. तिच्या हक्काची, तिच्याशिवाय कोणी तिला हात लावायचा नाही. हाजराबींचा नवरा तेव्हा आगबोटीवर खलाशी होता. त्या काळी अमेरिकेत नोट दिली की चांदीचा जुना डॉलर मिळत असे. त्याने दोन आणले. एक बायकोला मेहर म्हणून द्यायचा असं त्याने ठरवलं. काझीसाहेब म्हणाले, कुठल्या मुलखाचं नाणं ते नीट लिहून घ्या. त्याच्या बापाने कटकट केली की पाच रुपयांची अंगठी दे, हा बाहेरचा सिक्का कशाला. तो म्हणाला, “अंगठी सगळ्यांना असते.” हे सांगताना हाजराबी थोड्या लाजल्या. पंधरा वर्षांपूर्वी तो गेला. सिक्का विकायचा नव्हताच. नजीरभाईंनी कुठल्यातरी व्हिडिओत असा डॉलर लाखांना गेल्याचं पाहिलं होतं आणि आपल्या अम्मांच्या डब्यात काय आहे ते त्यांना एकदा जाणून घ्यायचं होतं, इतकंच.

मी काम सुरू केलं. चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे चांदी. व्यास बरोबर. वजन आपल्या राणीच्या रुपयाच्या सव्वादोन पट, झिजेचा थोडा भाग सोडून अगदी पुस्तकाप्रमाणे. साल सर्वत्र सापडणाऱ्यांपैकी. अक्षर नाही. आता आवाज बघायचा होता. चांदीचं नाणं दगडावर टाकलं की लांबवर घुमणारा स्वच्छ नाद येतो. पण खालच्या खटखटीत काय ऐकू येणार? नजीरभाई जिन्यावरून खाली ओरडले. एकामागून एक बारा लूम बंद झाले. मला वाटतं त्या गल्लीत दिवसाढवळ्या अशी शांतता कोणी ऐकली नसावी. शेजारची माणसं काय झालं म्हणून खिडकीत आली. जॉबर जिन्यात येऊन उभा राहिला. मी डॉलर फरशीवर टाकला. नाद आला. सुरेख, लांबलेला.

इथेच मी थांबायला हवं होतं. पण माणूस इतकं सगळं साहित्य बाळगून येतो तो ‘बरोबर आहे’ एवढंच सांगायला नव्हे. काहीतरी सापडायलाच हवं. मी डॉलर, त्यावरच्या बाईच्या चेहऱ्याची बाजू वर करून, धरला आणि, रुपया बघताना नेहमी बघत आलो तसा, उजवीकडून डावीकडे फिरवला.

गरुड डोक्यावर उभा होता.

मी पुन्हा फिरवला. चेहरा सरळ. गरुड पाय वर, डोकं खाली. माझ्या एकाही रुपयाचं असं होत नाही. फोटोंत दोन्ही बाजू शेजारी शेजारी सरळ छापलेल्या असतात. मला वाटलं, बनावट करणाऱ्याने वजन साधलं, चांदी साधली, आणि दुसरा साचा मात्र उलटा बसवला. आणि ते ओळखायला कराडचा माणूस लागला.

“नकली,” मी म्हणालो. बारा लूम बंद होते, म्हणून तो शब्द खालपर्यंत ऐकू गेला.

हाजराबींनी विचारलं, “निकाहच्या दिवशीच नकली होता?”

“त्याच दिवशी काय, आधीपासूनच,” मी म्हणालो. मला स्पष्टीकरण द्यायची फार हौस आहे. “बंदरात खलाशांना असेच फसवतात. त्यांनाही कदाचित माहीत नसेल.” आणि मग, देव जाणे कुठून सुचलं, पुढे म्हणालो, “किंवा असेलही.”

“दुसरा त्यांनी मथीला दिला होता,” हाजराबी हळू आवाजात नजीरभाईंना म्हणाल्या. “शेतावरच्या मथीला, तिच्या लग्नात. तिचा पण बघायला सांग यांना. तिचा असली निघाला आनि माजाच खोटा, तं मला कळायला पायजे.” तोवर त्या नवऱ्याला ‘त्यांनी’ म्हणत होत्या. यापुढे ‘त्यानं’ म्हणू लागल्या.

त्यांनी डॉलर रुमालात बांधला नाही. डब्यातही ठेवला नाही. खिडकीच्या कट्ट्यावर, ब्लड प्रेशरच्या गोळ्यांच्या पट्टीशेजारी ठेवला. खाली लूम परत सुरू झाले. मला नजीरभाईंनी कोपऱ्यापर्यंत सोडलं, आणि सगळ्या वाटेत ते एकही वाक्य बोलले नाहीत, ना मराठीत ना हिंदीत. मला अजून काही कळलेलं नव्हतं. मी मानकोलीत येऊन प्रशांतला जेवताना साच्यांची तांत्रिक माहिती दिली.

पडघ्याच्या वरचा पाडा

दुसऱ्या दिवशी नजीरभाई स्कूटर घेऊन आले. मी मागे बसलो. पडघ्यापर्यंत हायवे, ट्रकच्या रांगा. मग डावीकडे आत, भातकापणीनंतर वाल पेरलेली शेतं, मग चढ, मग पाऊलवाट. थंडीचे दिवस होते आणि डोंगर अजून पुरता वाळलेला नव्हता. नजीरभाईंच्या घरची जुनी शेती त्या पायथ्याशी होती आणि तिथे मथीबाई सासूबरोबर कामाला यायची. आता ती आपल्या पाड्यावर असते, सत्तरी पार केलेली.

ती अंगणात शेंगा सोलत होती. “नजीर, तू आलास कं?” ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून, “ह्यो कोन? साहेब कं?”

“मास्तर आहेत,” नजीरभाई म्हणाले. “सिक्का बघणार.”

तिने आम्हाला आधी वालाच्या शेंगा दिल्या, मडक्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या. घरी मी वाल सोलून, भिजवून, मोड आणून, डाळिंब्या करून खाणारा माणूस. अख्ख्या शेंगा दातांत धरून ओढून खायच्या हे मला जमेना. मथीबाईने मला दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने नजीरभाईंकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

मग तिने गळ्यातली माळ पुढे घेतली. काळ्या दोऱ्यात चांदीची नाणी ओवलेली, प्रत्येकाला वर डाख देऊन बसवलेली कडी. सगळे राणी आणि राजाचे रुपये, आणि मधोमध मोठा तो डॉलर. दोरा पिळला गेला होता म्हणून डॉलरची मागची बाजू बाहेर आली होती. गरुड पाय वर करून लटकत होता.

“हाही नकली,” मी नजीरभाईंना म्हणालो. भिंग लावून बघितलं तर गरुडाखालच्या माळेखाली चक्क दोन अक्षरं होती. दुर्मिळ, त्यातल्या त्यात वाळवंटातल्या लहान टांकसाळीची खूण. “बघा लबाडी,” मी म्हणालो. “किंमत वाढावी म्हणून खूणसुद्धा कोरली. आणि पक्षी मात्र उलटा.”

“कोन उलटा?” मथीबाई म्हणाली.

“हा पक्षी. रुपये फिरले तरी मागची बाजू सरळ राहते. हा एकटा उलटा.”

“हां, त्यो तसाच हाय. लग्नापासून.” तिने डॉलरची खालची कड दोन बोटांत धरून वर उचलली आणि मान खाली घालून बघितलं. “मना सरळ दिसतं.”

मी म्हणालो, तसं नाही. ती म्हणाली, “ये इकडं.” मला तिने आपल्या बाजूला, जवळजवळ खांद्यामागे, उभं केलं. तिथून बघितलं तर उचललेल्या डॉलरवर गरुड पंख पसरून सरळ उभा होता. “तू समोर उभा राहतोस म्हनून उलटा,” ती म्हणाली. “तिकडची मानसं नानं असं फिरवत असतील. आपन आडवं फिरवतो, ती उभं फिरवत असतील. त्यांची रीत.”

मी हसलो. अजून आठवलं की अंगावर काटा येतो, पण मी हसलो. मग तिला समजावून सांगितलं की नाण्याला कडी लावायची नसते, कडी लावलेलं नाणं जाणकार घेत नाहीत, खरं असतं तरी ते चांदीच्या भावानेच गेलं असतं.

“कडी न्हाय लावली तं गल्यात कशी घालू?” ती म्हणाली. यावर नाणे मंडळाकडे काही उत्तर असेल तर मला कळवावं.

पडघ्याला परत आलो, हॉटेलात बसलो. तिचं ते ‘उभं फिरवत असतील’ कानातून जाईना. नजीरभाई चहाचे पैसे द्यायला उठले तेव्हा मी फोनवर शोधलं. एक गोरा म्हातारा टेबलापाशी बसून डॉलर दाखवत होता. त्याने डॉलरची वरची आणि खालची कड दोन बोटांत धरली आणि वरून खाली फिरवला. गरुड सरळ. काही न सांगता, जणू जगात दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने नाणं फिरवतच नाहीत. अमेरिकेची सगळी नाणी तशीच असतात. सगळी. पहिल्यापासून. हे तिकडच्या पोरांनाही माहीत असणार, कारण त्यांच्या खिशातली चिल्लरही तशीच.

नजीरभाई परत आले तेव्हा मी व्हिडिओ त्यांच्यासमोर धरला. त्यांनी दोनदा बघितला.

“म्हणजे अब्बांचा असली आहे?”

“हो. मथीबाईंचाही.”

ते रागावतील असं मला वाटत होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. “अम्मा आज खारबावला मावशीकडे गेल्या आहेत,” ते म्हणाले. “उद्या सकाळी येतील. त्यांना तुम्ही सांगायचं. फोनवर नाही. समोर बसून.”

पडघ्याच्या स्टॉपवर नाशिकची गाडी उभी होती. नाशिकहून कराडला जाता येतं का, याचा मी गंभीरपणे विचार केला, हे लपवत नाही. त्या दुपारी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी चाळीस मुलांसमोर हायड्रोजनचा प्रयोग फसून भुवया जळाल्या तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा निदान भुवया माझ्याच जळाल्या होत्या.

भिवंडी, दुसरी भेट

तिसऱ्या दिवशी मी काहीही न खाता गेलो. चुंबक प्रशांतकडे ठेवलं. जिना चढताना जॉबर भेटला आणि माझ्याकडे न बघता बाजूला झाला.

हाजराबी त्याच दिवाणावर होत्या. डॉलर खिडकीच्या कट्ट्यावर तिथेच होता, त्यावर कापसाची बारीक धूळ बसलेली. या गावात दोन दिवसांत सगळ्यावरच बसते. मी तो उचलला, सदऱ्याला पुसणार होतो, मग सवयीने थांबलो. त्यांच्यासमोर खाली बसलो.

“अम्मा, हा असली आहे. चूक माझी. मला माहीत नव्हतं आणि माहीत असल्यासारखा बोललो.” मग त्यांच्या हातात डॉलर दिला आणि वरून खाली कसा फिरवायचा ते दाखवलं. अमेरिकेतली नाणी सगळी अशीच घडवतात, हेही सांगितलं. पुढे आणखी एक कबुली द्यायची होती, ती सर्वांत जड होती. “असा डॉलर मी त्या दिवशी पहिल्यांदाच हातात धरला.”

नजीरभाईंनी चमकून माझ्याकडे बघितलं. त्यांना हे नवीन होतं.

हाजराबींनी डॉलर फिरवला. बाई, गरुड. गरुड, बाई. बराच वेळ. खाली लूम चालू होते, त्यामुळे त्या काही पुटपुटल्या असल्या तर मला ऐकू आलं नाही.

“म्हंजे त्यांनी मला खोटा न्हाय दिला.”

“नाही अम्मा.”

“आनि मथीचा?”

“तोही खरा. त्याच्यावर दुर्मिळ खूणही आहे.” त्यांच्या भुवया वर गेल्या. मी घाईने म्हणालो, “पण कडी लावलीय, त्यामुळे घेणारे त्याला भाव देणार नाहीत. आज दोन्हींत तुमचाच बरा.” हे खरं होतं. त्या आठवड्यात मी खरं बोलून कोणाला बरं वाटल्याची ही पहिलीच वेळ.

“किती होतील?” नजीरभाईंनी विचारलं.

मी सांगितलं. नेहमीचं साल, अक्षर नाही, झीज बरीच. चांदीच्या भावापेक्षा थोडे वर. लाख वगैरे काही नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि तो विषय तिथेच संपला. खरं तर मी ज्यासाठी आलो होतो तो विषय एवढाच होता.

हाजराबी मात्र अस्वस्थ होत्या. डॉलर मुठीत धरून त्या नजीरभाईंकडे बघत होत्या. “पन मी तं माफ करून टाकलं,” त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. नजीरभाईंनी सांगितलं. मी पहिल्या दिवशी गेलो, त्याच संध्याकाळी अम्मांनी शेजारच्या दोघींना बोलावून घेतलं. नवरा बायकोचा मेहर न देता गेला तर त्याचा बोजा त्याच्यावर राहतो. सिक्का नकली, म्हणजे मेहर पोचलाच नाही. पंधरा वर्षं तो माणूस तो बोजा घेऊन कबरीत पडलाय, या विचाराने त्यांना बसवेना. रागही होता. त्या रागातच, दोघींना साक्षीला ठेवून, त्यांनी मोठ्याने म्हटलं की मी माझा मेहर त्याला माफ केला, त्याने मला फसवलं असेल तर तेही माफ केलं. मग दार लावून घेतलं आणि खूप रडल्या. दुसऱ्या दिवशी बहिणीकडे गेल्या त्या त्याच्यामुळेच.

मी खाली बघत होतो. मला वाटतं मीही रडत होतो, पण तेव्हा त्याकडे लक्ष द्यायचा मला काही अधिकार आहे असं वाटलं नाही.

“आता त्या माफीचं काय करायचं?” हाजराबींनी विचारलं. त्या खरोखर विचारत होत्या, घरात जास्तीची आलेली वस्तू कुठे ठेवायची असं विचारतात तसं.

“अम्मा, दुसऱ्या कशात धर,” नजीरभाई म्हणाले. “अब्बा वर्षातले दहा महिने घरी नसायचे. माझ्या जन्माला नव्हते. त्याच्यात धर.”

“ते मी माफ केलेलं न्हाय,” हाजराबी म्हणाल्या. “ते वर गेल्यावर समोरासमोर बोलायचं हाय.”

त्यांनी डॉलर रुमालात बांधला. दोन गाठी मारल्या. डबा उघडला, आत ठेवला, झाकण लावलं. मग माझ्याकडे वळल्या, आणि मी पहिल्या दिवशी सांदणं खात होतो तेव्हा बघत होत्या तशाच शांतपणे बघत राहिल्या.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “ती माफी आता रिकामी पडलीय. त्यांना लागनार न्हाय. तुमी घेऊन जा.”

माफी ही काही हातात घ्यायची वस्तू नव्हे, हे तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला कळायला हवं. तरी मी दोन्ही हात पुढे केले.